पाठ टेकायला भिंत

माझ्या मावसभावाचा, सिद्धूचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवून नुकतीच घरी आले होते, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. "सुमाक्का, अव्वा गेली..." एवढं म्हणाला आणि रडायला लागला. दुपारचं जेवून जरा पडते म्हणाली आणि उठलीच नाही, असं शेजारच्या अंबूबाईनं त्याला कळवलं होतं. तो पुण्याहून निघायच्या गडबडीत होता. मागं गाडीचं दार लावल्याचा आवाज आला, बायकोला तो काहीतरी घ्यायला सांगत होता, आणि मग परत माझ्याशी बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज एकदम सावरलेला, ऑफिसातला झाला होता. "तू पुढं हो. अंबूबाई हाय तितं. आणि एक काम कर की... हॉलच्या त्या भिंतीवर एखादी चांगली चादर नाहीतर साडी लावून घे. माझ्या ऑफिसातली माणसं येणार हायत, फोटो काढतील. बरं दिसत न्हाय ते."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग, आणि असा आला की मी उत्तर न देता फोन ठेवून दिला. रिक्षात बसल्यावर रस्ताभर मी मनातल्या मनात सिद्धूशीच भांडत होते, आणि घर जवळ आल्यावर कुठं मला आठवलं की आपण कशासाठी चाललोय.

चिगव्वा म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, सिद्धूची आई. आमच्या कानडी घरांत मावशीला चिगव्वा म्हणतात, धाकटी आई. तिचं नाव नीलव्वा. सोलापूर शहराबाहेर बिडी कामगार बायकांसाठी घरं झाली, त्यातल्या एका घरात ती राहायची. दोन खोल्या, पुढं बोळासारखं अंगण, त्यात एक पाण्याची टाकी आणि एक शेवगा. आणि ज्या भिंतीवर साडी टाकायला सिद्धू सांगत होता, ती हॉलमधली दारासमोरची भिंत. तिचं वर्णन आधीच करते, कारण पहिल्यांदा येणारा माणूस तिच्याकडं बघून हसायचा तरी नाहीतर गप्प तरी व्हायचा. वरच्या अर्ध्या भिंतीवर बर्फाचे डोंगर, निळं आभाळ, देवदाराचे शेंडे, असा चकचकीत वॉलपेपर. आणि खालची अर्धी भिंत उघडी, खरवडलेली, कुठं सिमेंट दिसतंय, कुठं जुना पिस्ता रंग, कुठं कागदाचा चिकटून राहिलेला पांढरा पापुद्रा. पूर्वी तिथं मोठा धबधबा होता. तो चिगव्वानं काढला, स्वतःच्या हातानं. तो तिनं का काढला हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांना ती म्हातारपणीची लहर वाटते. मला ठाऊक आहे, म्हणून हा लेख.

आमच्या जातीत बिडी वळणाऱ्या बायका तशा कमी. पण मल्लप्पाकाका, म्हणजे तिचे यजमान, ज्या कारखान्यात होते तो बंद पडला, मग ते इकडंतिकडं यंत्रमागावर जायला लागले, कधी काम असायचं, कधी नसायचं. तेव्हा चिगव्वा शेजारच्या तेलुगू बायकांकडून बिडी शिकली. अंबूबाई तिची गुरू. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या किंतानात, म्हणजे गोणपाटात, गुंडाळलेली पानं, हातात कातर, आणि पाठ भिंतीला. सोलापुरात ज्यानं बिडी वळणारी बाई बघितली आहे त्याला सांगायला नको, की ती बाई भिंतीशिवाय बसत नाही. दिवसभर मान खाली घालून बोटं चालवायची तर पाठीला काहीतरी आधार लागतोच. या बिडीवर तिनं सिद्धूला शिकवलं, डिप्लोमापर्यंत, आणि हे घरही बिडीमुळंच मिळालं, तिच्या नावावर. दारावर पाटी मात्र काकांच्या नावाची लागली. ते तिला खटकलं नाही. "पाटी त्यांची असू दे की, घर माझं हाय," असं म्हणून ती हसायची. नव्या घरात आल्या दिवशी सामान लावायच्या आधी तिनं काय केलं असेल तर दारासमोरच्या भिंतीला टेकून बसून बघितलं. उजेड बरोबर सुपात पडत होता. रस्त्यावरून जाणारी बाई दिसत होती. जागा ठरली.

तिथं बसून बसून भिंतीवर डाग पडला. डोक्याच्या तेलाचा वर एक गोल, आणि खाली पाठीचा लांबट, तंबाखूच्या धुळीनं तपकिरी झालेला. मी सुट्टीत जायची तेव्हा ती आत चहा करत असली, तरी तो डाग बघून ती तिथं बसली आहे असंच मला वाटायचं. काकांना त्या डागाचा राग नव्हता. राग आला तो सिद्धूची नोकरी सुरू झाल्यावर, मुली सांगून यायला लागल्यावर. एक स्थळ चांगलं होतं, मुलीचे वडील सरकारी नोकरीतले. ती माणसं घर बघायला येणार म्हटल्यावर काकांना एकदम ती भिंत दिसायला लागली. बाप यंत्रमागावर आहे हे सांगायला हरकत नव्हती, पण आई बिडी वळते हे भिंतीनं सांगितलेलं त्यांना नको होतं. रंग दिला तरी तेल वर येतं म्हणून कुणीतरी वॉलपेपरची युक्ती सुचवली. काका गेले आणि गुंडाळी घेऊन आले. चिगव्वा त्या वेळी बिडी कारखान्यात माल द्यायला गेली होती. तिला कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही.

आता काकांचं एक ऐका. ते साइझिंगमधले माणूस. मागावर सुताला ताण सोसावा म्हणून त्याला खळ पाजतात, ती शिजवण्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता, असं ते स्वतःच सांगायचे. दुकानदारानं कागदाबरोबर त्याचा डिंक दिला होता, तो त्यांनी परत केला. "माझी खळ मागावरची अख्खी ताणी धरून ठेवती, एवढा कागद धरणार न्हाय व्हय?" म्हणाले आणि घरच्या पातेल्यात मैद्याची खळ शिजवली. ती त्यांनी मागाच्या हिशेबानं शिजवली, भिंतीच्या नव्हे, आणि शिजवली तीही अशी घट्ट की ब्रश उभा राहील. कारखान्यात खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकायचे, ते घरी राहून गेलं. कुठल्याही दुसऱ्या गावच्या माणसाला भिंतीवर कागद डकवायला सुताची खळ सुचली नसती. आमच्या काकांना सुचली आणि त्यांना त्याचा आयुष्यभर अभिमान वाटत राहिला.

चिगव्वा परत आली तेव्हा तिच्या जागेवर धबधबा होता. दोन हरणं होती, डोंगर होते, पाणी असं कोसळत होतं की बघत राहावं. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याची बायका आठवडाभर चर्चा करतात, हंड्याहंड्यावरून भांडतात, आणि त्या घरात भिंतभर पाणी. शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या, लई भारी म्हणाल्या. चिगव्वाही म्हणाली चांगलं आहे. मग सवयीनं सूप घेऊन तिथं बसायला गेली तर काका म्हणाले, "हितं आता टेकू नको. कागद खराब होईल. आत बस की." ती आत गेली. स्वैपाकघरात ओट्याखाली जागा नव्हती, मोरीच्या कडेला एका पत्र्याच्या डब्याला टेकून बसायला लागली. डबा सरकायचा. उजेड नव्हता. ते लग्न जमलं, सिद्धूचं लग्न झालं, सून पुण्याला गेली, घर बघायला यायचं कुणी उरलं नाही, तरी ती आतच बसत राहिली, कारण एकदा आत गेलेलं माणूस बाहेर बोलवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. मी एकदा काकांना म्हटलं, आता तिला बसू द्या की हॉलमध्ये. तर म्हणाले, "मी कुठं नको म्हणलो? कागद तेवढा सांभाळ म्हणालो." आणि चिगव्वा आतून म्हणाली, "घर माझ्या नावावर हाय गं सुमा, पाठ टेकायला भिंत तेवढी न्हाय." काका हसले. तीही हसली. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, आणि अजूनही दिसत नाही.

खळ खायला झुरळं आली. त्यांनी आधी एका हरणाचं तोंड खाल्लं, मग दुसऱ्याचे पाय. काका औषध मारायचे, कडा परत चिकटवायचे, परत त्याच खळीनं. पाहुणे आले की "बघा, किती वरसं झाली, एक टोक सुटलं न्हाय" म्हणून दाखवायचे. दोघांचा संसार वाईट नव्हता हे इथं सांगायला पाहिजे. काका दारू प्यायचे नाहीत, हात उचलायचे नाहीत, तिचे डोळे अधू झाले तेव्हा सुईत दोरा ओवून द्यायचे. पण भिंतीचा विषय त्यांच्यासाठी मिटला होता आणि तिच्यासाठी मिटला नव्हता, आणि हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

काका गेले त्यानंतरची गोष्ट. तिसऱ्या दिवसाचं झालं, पाहुणे पांगले, सिद्धू पुण्याला परतला. मी सकाळी डबा घेऊन गेले तर चिगव्वा हॉलमध्ये उभी राहून धबधब्याच्या खालच्या कोपऱ्यात उलथनं घालत होती. रडून डोळे सुजलेले, आणि हातात उलथनं. मागं काकांची थोरली बहीण शांतव्वा आत्या कमरेवर हात ठेवून उभी. "अगं, माणूस जाऊन किती दिस झालं? वर्षाच्या आत भिंतीला हात लावायचा नसतो. रंग देत न्हाईत, सफेदी करत न्हाईत. तुला एवढं कळंना व्हय?" खरं तर आमच्यात सुतक मानू नये असं सांगितलेलं आहे. पण सांगितलेलं वेगळं आणि नणंद वेगळी. चिगव्वानं उलथनं खाली ठेवलं नाही. मान न वळवता म्हणाली, "रंग द्यायचा नसतोय न्हवं? मी कुठं द्यायलीय. मी काढायलीय." मला हसू आलं आणि ते दाबायला मी डबा घेऊन आत पळाले.

उलथन्यानं काही होईना. काकांच्या खळीनं कागद असा धरला होता की नखाएवढा तुकडा निघायचा आणि परत टोक सापडायचं नाही. रंगकाम करणाऱ्या एकाला मी आणलं, त्यानं भिंत ठोकून बघितली आणि मशीननं घासायला लागेल म्हणाला. चिगव्वानं त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग तिनं तिला येत होतं ते केलं. बिडीची पानं वाळलेली येतात, ती भिजवून ओल्या किंतानात गुंडाळून ठेवली की मऊ होतात आणि हवी तशी कापता येतात. तिनं घरातली सगळी किंतानं काढली, भिजवली, खिळ्यांना दोऱ्या बांधून भिंतीवर टांगली आणि भिंतीला पानासारखं झाकून ठेवलं. सकाळी किंतान उचलायचं, खाली जो कागद मऊ झालेला असेल तो कातरीनं चौकोन पाडून सोलायचा, आणि किंतान पुढच्या तुकड्यावर सरकवायचं. लक्षात ठेवा, हे त्या वसाहतीत, जिथं पाणी येतं त्या दिवशी बायका कामावर जात नाहीत. भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी ती भिंतीला वापरायची, पण बायकांना वाटलं ती नळाचं पाणी भिंतीला पाजते. बोळात कुजबुज सुरू झाली. एकीनं तोंडावर विचारलं, "नवरा गेल्यावर डोस्कं फिरलं का हिचं?" त्यावर अंबूबाई मध्ये पडली. अंबूबाई तेलुगू, तिचं मराठी तुकड्यातुकड्यानं येतं. म्हणाली, "डोस्कं फिरला न्हाय. पाठ दुखला तिचा. इतका वरीस." एवढं बोलून ती स्वतःच्या घरातलं एक किंतान घेऊन आली.

ते काम किती आठवडे चाललं मला आठवत नाही. मी शाळा सुटल्यावर जायची, ती मला खालचं सोलू द्यायची, मधलं स्वतः करायची. खोलीभर आंबट वास. कागदाबरोबर कुठं रंग, कुठं गिलाव्याचा पापुद्रा निघायचा, अंगावर पडायचा. आम्ही दोघी पांढऱ्या व्हायचो. सोलता सोलता ती काकांशी बोलायची, मी शेजारी आहे हे विसरून. "बघा की, सुटली का न्हाई तुमची खळ?" असं म्हणायची आणि मग एखादा तुकडा सुटत नसला की, "लई घट्ट केलीय ओ तुम्ही..." त्यात चिडणं होतं आणि लाडही होता, आणि दोन्ही वेगळं काढता येत नव्हतं. तिला आत जाऊन एकटीनं रडावंसं वाटत असेल, पण ती माझ्यासमोरच रडली, कातर हातात ठेवून, आणि पदरानं डोळे पुसून परत कामाला लागली.

मला मनात एक आशा होती. तिलाही असणार. की कागद निघाला की खाली तिचा तो डाग निघेल, तेलाचा गोल आणि पाठीची लांबट सावली. आम्ही त्या जागेपर्यंत पोचलो, किंतान उचललं, कागद सोलला... आणि खाली कोरं सिमेंट. काकांची खळ इतकी जबर होती की कागदाबरोबर जुना रंग, डाग, सगळं भिंतीवरून निघून आलं. हातातल्या कागदाच्या पाठीवर तपकिरी पापुद्रा होता, बोट लावलं तसा त्याचा भुगा झाला. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून उभी राहिले. सगळा खटाटोप फुकट गेला असं मी म्हणालेही. चिगव्वानं त्या उघड्या भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "होगली बिडु." म्हणजे जाऊ दे, सोड. "डाग गेला तर जाऊ दे की. पाठ हाय न्हवं माझी." आणि तशीच मागं सरकली, त्या ओल्या सिमेंटला टेकली, आणि डोळे मिटले. तिचा चेहरा त्या वेळी जसा होता तसा मी परत कधी बघितला नाही. काही मागायचं राहिलेलं नाही अशा माणसाचा चेहरा.

वरचा अर्धा भाग राहिला. तिचा हात तिथवर पोचत नव्हता आणि गुडघ्यांमुळं ती स्टुलावर चढू शकत नव्हती. मी चढते म्हटलं तर नको म्हणाली. "वरचं राहू दे. मला काय डोंगरावर बसायचं न्हाय. तेवढं त्यांचं." म्हणून डोंगर राहिले. दिवाळीला सिद्धू आला आणि भिंत बघून त्याचं डोकंच फिरलं. हा काय अवतार, लोक काय म्हणतील, मी आणून देतो की नवा कागद, आता लई भारी डिझाइन मिळतात, विटांचं मिळतं, लाकडाचं मिळतं, दुकानाची माणसं येऊन एका दिवसात लावून जातात. चिगव्वा सूप मांडीवर घेऊन बसली होती, हात थांबला नाही. "लाव की," म्हणाली. "मी हितं बसलीय. माझ्यावरनं लाव." सिद्धू माझ्याकडं बघायला लागला, मी पंख्याकडं. त्यानंतर दर खेपेला विषय निघायचा आणि दर खेपेला ती तेवढंच म्हणायची. अव्वा, कारखान्याला माल देणं सोड, मी पैसे पाठवतो, असंही त्याचं चालू असायचं. तो वाईट मुलगा नाही. त्याला आईची काळजी होती, फक्त ती काळजी नेहमी चार माणसांच्या नजरेतून यायची.

पुढची दोन-तीन वर्षं ती तिच्या जागी बसली. काम कमी झालं होतं, बोटं थरथरायची, दम लागायचा. पण दार उघडलं की ती समोर. येणारी-जाणारी हाक मारायची, ती आत बोलवायची. अंबूबाई दुपारी स्वतःचं सूप घेऊन यायची आणि शेजारी टेकायची. हळूहळू सिमेंटवर परत डाग उमटायला लागला, आधी फक्त उन्हात तिरकं बघितलं तरच दिसणारा, मग नीट दिसणारा. एकदा मी तो तिला दाखवला तर मागं वळून बघत म्हणाली, "बघ, कागदापेक्षा चांगला आलाय का न्हाय?"

...तर त्या दिवशी मी पोचले तेव्हा अंबूबाईनं आणि बायकांनी तिला आंघोळ घातली होती. आमच्यात गेलेल्या माणसाला झोपवत नाहीत, बसवतात. विभूती लावून, हार घालून, भिंतीला टेकवून, मागं भिंतीत मेख मारून कापडानं आधार देतात, आणि समोर भजन चालतं. बसवणारी जाणती माणसं आली होती. त्यांतल्या एकानं विचारलं, कुठल्या भिंतीला? शांतव्वा आत्या दारातून म्हणाली, टीव्हीच्या बाजूला बसवा, ती भिंत चांगली हाय, रंगाची हाय. मेख आणि हातोडी घेऊन तो माणूस तिकडं वळलाही. मी कुठल्या सुरात बोलले मला माहीत नाही, पण भजनाच्या मंडळींनी टाळ थांबवले. "न्हाय," मी म्हणाले, "तितं न्हाय. ती हितं बसायची. हितंच बसवा." कुणीतरी म्हणालं, मुलाला येऊ द्या, तो सांगेल तसं. मी म्हणाले, मुलानं सांगितलंय, भिंत झाका म्हणून. मी झाकणार नाही. आणि मी त्या भिंतीपुढं जाऊन उभी राहिले. मला भीती होती ती आत्याची. भावजयीला वर्षभर भिंतीवरून बोल लावणारी बाई ती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं, आणि एकदम तिचा आवाज फुटला. "बसवा ओ तितंच," म्हणाली. "माझ्याशी भांडून मिळवलीय तिनं ती जागा. मी कोण काढून घेणारी?"

तिला तिच्या जागी बसवलं. मेख मारताना डागाच्या कडेचं थोडं सिमेंट पडलं. मान किंचित उजवीकडं कलली, बिडी वळताना कलायची तशीच. सिद्धू पोचला तेव्हा भजन रंगात आलं होतं, बोळ माणसांनी भरला होता, त्याच्या ऑफिसातली माणसंही मागं उभी होती. तो दारात थांबला. समोर आई, तिच्या मागं ती खरवडलेली भिंत, डोक्यावर बर्फाचे डोंगर, आणि चादर कुठंच नाही. मी भांडायच्या तयारीनं उभी होते. शब्द जुळवून ठेवले होते, सगळे कडू. पण तो आत आला, तिच्या शेजारी खाली बसला आणि पाठ भिंतीला टेकली. काळा शर्ट होता, पांढरा झाला. बराच वेळ बसल्यावर मला हळू आवाजात म्हणाला, "सुमाक्का, हितनं सगळा बोळ दिसतोय की." फोटो काढले लोकांनी. एक माझ्याकडं आहे. शोकाच्या फोटोत सोनेरी चौकट आणि गुलाबाची फुलं घालून देतो म्हणाला फोटोवाला, मागचे डोंगर पुसून. मी नको म्हटलं.

आता महिना होऊन गेला. सिद्धूला घराचं काय करायचं ते अजून ठरवता आलेलं नाही. बायको म्हणते भाड्यानं देऊ, मेहुणे म्हणतात आधी ती भिंत नीट करून घ्या, कागद लावा, मग गिऱ्हाईक येईल. सिद्धू ना हो म्हणतो ना नाही. शांतव्वा आत्यानं मात्र सगळ्यांना बजावून सांगितलंय, वर्षाच्या आत त्या घरात भिंतीला हात लावायचा नाही. रंग नाही, कागद नाही, काही नाही. आणि या खेपेला मी आत्याच्या बाजूनं सगळ्यांशी भांडायला तयार आहे.

भेटायला येणाऱ्यांसाठी सिद्धूनं प्लास्टिकच्या खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. बोळातल्या बायका आल्या, खुर्च्या बघितल्या, आणि एकीमागून एक त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. आता भेटायचं संपलं तरी येतात. किल्ली अंबूबाईकडं असते. दुपारी दार उघडं असतं, उजेड सुपात पडतो, आणि तीन-चार बायका ओळीनं पाठ टेकून बिड्या वळत असतात. पूर्वी एका माणसाचा होता तो डाग आता रुंद व्हायला लागलाय. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी मीही जाते. मला बिडी येत नाही, मी वह्या तपासते. वर्ष संपायच्या आत ती भिंत अशी करून ठेवायची आहे की बाजारातल्या डिंकानं कुठलाच कागद तिच्यावर टिकणार नाही, आणि म्हणून हल्ली शनिवारी घरातून निघताना मी डोक्याला चांगलं चपचपीत तेल लावून निघते.